चार पावलांवरची आई

जंतू व्हायला वर्गात कोणी तयार नव्हतं. निम्म्या पोरांना पांढऱ्या पेशी व्हायचं होतं आणि उरलेल्यांना त्वचा, कारण त्वचेला हातात हात घालून नुसतं उभं राहायचं असतं. शेवटी बाईंनी दरवर्षीचा तोडगा काढला. त्या स्वतःच जंतू झाल्या आणि टेबलामागून हात पसरून वर्गावर चालून गेल्या. मग पाच मिनिटं जो दंगा झाला तो विचारू नका. त्वचेची रांग एका ठिकाणी फाटली, बाई आत घुसल्या, आणि पेशींनी त्यांना फळ्यापाशी गाठून, चारी बाजूंनी घेरून खाऊन टाकलं. शेजारच्या वर्गावरचे गणिताचे सर दारात आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एकदा आत पाहिलं आणि ते परत गेले. सव्वीस वर्षांत त्यांचीही खात्री पटली होती, की या बाईंना काही सांगण्यात अर्थ नाही.

खरं म्हणजे बाईंना जंतू व्हायला आवडायचं. संसर्ग आणि शरीराचं संरक्षण हा धडा वर्षातून एकदाच यायचा, आणि त्या दिवशी चाळीस पोरं एकदम त्यांना येऊन बिलगायची. कुणी कमरेला, कुणी दंडाला, कुणी मागून पाठीला. त्या दोन मिनिटांसाठी बाई हा खेळ घ्यायच्या. ही गोष्ट त्यांनी जन्मात कोणाला सांगितली नव्हती. मुख्याध्यापकांच्या वहीत तिची नोंद ‘कृतीतून शिक्षण’ अशी व्हायची.

पोरांनी त्यांचं नाव खोकलाबाई ठेवलं होतं. नवा वर्ग आला की पहिल्याच दिवशी त्या एकेकाला उभं करून कोपराच्या आत खोकायला लावायच्या, आणि नीट जमेपर्यंत खाली बसू द्यायच्या नाहीत. नाव त्यांच्या कानावर केव्हाच आलं होतं. एकदा हसत हसत त्यांनी ते घरी नवऱ्याला सांगितलं आणि पायावर धोंडा पाडून घेतला. तेव्हापासून तोही ‘खोकलाबाई, चहा मिळेल का’ म्हणायला लागला.

तास संपल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली. फळा पुसायचं निमित्त करून ती बराच वेळ एकाच जागी डस्टर फिरवत होती. बाईंनी विचारल्यावर तिनं सांगितलं, की तिच्या बाबांना टीबी झालाय, दोन महिने औषध चालू आहे आणि आजी तिला त्यांच्या खोलीत जाऊ देत नाही. मग खाली बघत म्हणाली, “बाई, त्यांच्याजवळ परत कधी जायचं?”

बाईंनी तिला पुस्तकात होतं तेवढं आणि पुस्तकाबाहेरचं थोडं सांगितलं. औषध रोज नीट घेतलं तर काही आठवड्यांतच रोग दुसऱ्याला लागायची भीती बहुतेक संपते, पण ते डॉक्टर तपासून सांगतात. आईला म्हणावं, डॉक्टरांना सरळ विचार. लाजायचं नाही, विचारल्याशिवाय परत यायचं नाही. मुलीनं मान हलवली आणि ती पळाली. बाई मात्र शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसल्या ते चहावर साय धरली तरी तशाच बसून राहिल्या. त्या मुलीनं विचारलेला प्रश्न त्यांच्या स्वतःच्या पोटात बेचाळीस वर्षं पडून होता, आणि आता एकोणपन्नासाव्या वर्षी तो विचारायचीही लाज वाटायची.

बाईंची आई त्यांना जवळ घेत नसे. सांगायला गेलं तर एवढीच गोष्ट.

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटी राहायची. वय चौऱ्याहत्तर. कोणी आलं की आधी उठून दोन्ही खिडक्या सताड उघडायची, मग थंडीनं पाहुण्याचे दात वाजत असोत. तिची खुर्ची खिडकीशी आणि येणाऱ्याची चार पावलांवर, भिंतीला लागून. हातात पांढऱ्या रुमालाची चौघडी घडी. बोलायचं झालं की घडी तोंडाशी आणि तोंड खिडकीकडे. निळ्या काठाचा तिचा कप वेगळ्या खिळ्याला टांगलेला असे, आणि तो दुसऱ्या कोणी विसळलेला तिला खपत नसे. बेचाळीस वर्षांपूर्वी तिला क्षय झाला होता. दीड वर्ष औषध घेऊन ती खडखडीत बरी झाली, कामावर परत गेली, निवृत्त झाली. तेव्हापासून साधा सर्दी-खोकलाही तिच्या वाऱ्याला उभा राहिला नव्हता. पण ती चार पावलं काही कमी झाली नाहीत.

फोनवरची आई मात्र वेगळीच होती. तीस वर्षं तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, कानाला यंत्र लावून लोकांची लोकांशी गाठ घालून देण्यात. रोज संध्याकाळी आठाला तिचा फोन यायचा. “ठमे, जेवलीस का?” अशी सुरुवात, आणि मग शेजारणीच्या नकला, जुन्या सुपरवायझरच्या फजित्या, गाण्याची एखादी ओळ. फोनवर ती खळखळून हसायची. तारेतून जंतू जात नाहीत, असं ती एकदा गमतीनं म्हणाली होती, आणि त्यात गंमत काय ते बाईंना कळलं नव्हतं. थोडक्यात, बाईंना दोन आया होत्या. एक लाडकी, पण तिला हात लागत नव्हता. दुसरीला हात लावता आला असता, पण ती लावू देत नव्हती.

हे सगळं सुरू झालं तेव्हा बाई सात वर्षांच्या होत्या. म्हणजे बाई नव्हत्याच, ठमी होत्या. त्या सकाळी शाळेला निघताना जाकिटाचं वरचं बटण लावून देता देता आईनं तिला जवळ ओढलं होतं. उशीर होत होता म्हणून ती आईचे हात सोडवून पळाली. दुपारी शाळेच्या फाटकाशी आईऐवजी आत्या उभी होती. आत्या तिला दप्तरासकट आपल्याच घरी घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी वडील कपड्यांची पिशवी ठेवून गेले. आईला बरं नाही, एवढंच तिला सांगण्यात आलं. उशीर होतोय म्हणून सोडवून घेतलेली ती मिठी शेवटची होती, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? माणूस आयुष्यात कशाकशाचा पस्तावा करतो. त्या दिवशी शाळेत पाच मिनिटं उशिरा का गेले नाही, याचा बाईंनी जेवढा केला तेवढा दुसऱ्या कशाचाच केला नाही.

दीड वर्षानं ठमी घरी परत आली. जिना धापा टाकत चढली आणि दारातून सरळ आईकडे धावली. आई खुर्चीवरून उठली आणि खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली. “तिथूनच बोल,” म्हणाली. साडेआठ वर्षांच्या मुलीला याचा जो अर्थ लागायचा तोच लागला, की आईला आता आपण नकोसे झालो आहोत.

पुढे वडील मधले माणूस झाले. आईनं फ्रॉक शिवायचा, वडिलांनी तो मुलीला घालून बघायचा. मुलीला ताप आला तर आईनं दारातून विचारायचं आणि वडिलांनी कपाळाला हात लावून सांगायचं. बिचारे दोघींमध्ये हेलपाटे घालत राहिले. ते जाऊनही आता अकरा वर्षं झाली होती.

पंधराव्या वर्षी शाळेच्या पुस्तकात तिला ते वाक्य सापडलं. उपचार पूर्ण झालेल्या रोग्यापासून संसर्गाची भीती नसते. तिनं त्याखाली पेन्सिलीनं दोनदा रेघ ओढली आणि पुस्तक नेऊन आईसमोर चार पावलांवर उघडं धरलं. आईनं लांबूनच वाचलं. मग म्हणाली, “हे लिहिणाऱ्यानं माझी छाती तपासली आहे का?” तो विषय तिथेच संपला. पण पोरगी हट्टाला पेटली. जीवशास्त्रच घेतलं, पदवी घेतली, शिक्षिका झाली. लोकांना वाटायचं, बाईंना विषयाची काय आवड. आवड कसली, एका बाईला एक गोष्ट पटवून द्यायची म्हणून त्या जन्मभर दुसऱ्यांची पोरं शिकवत बसल्या होत्या, आणि त्या पोरांना ती पहिल्याच तासाला पटायची.

एकदाच दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. बाईंना मुलगा झाला तेव्हा आई दवाखान्यात आली, आणि खोलीच्या दारात तोंडाशी रुमाल धरून तासभर उभी राहिली. आत आली नाही. नातवाला घे म्हटलं तर मागे सरकली. बाई तेव्हा ओल्या अंगाच्या, रात्रीच्या जागरणानं पिंजारलेल्या. त्यांनी नको नको ते बोलून घेतलं. मला नाही घेतलंस ते नाही, आता माझ्या पोराचंही वावडं आहे का तुला, असंही म्हणाल्या. आई ऐकून घेऊन निघून गेली. संध्याकाळी आठाला फोन आला, “ठमे, नाक तुझ्यावर गेलंय गं त्याचं.” तो मुलगा आता पंचवीस वर्षांचा होऊन दुसऱ्या शहरात नोकरी करत होता. आजीच्या मांडीवर तो कधी बसला नाही.

त्या दिवशी, म्हणजे फळा पुसणाऱ्या मुलीच्या दिवशी, शाळा सुटायच्या आधीच आईच्या शेजारणीचा फोन आला. आईच्या पोटात पुन्हा कळ आली होती. पित्ताशयात खडे असल्याचं आधीच कळलं होतं. ऑपरेशन करा, थांबण्यात धोका आहे, असं सर्जननी चार दिवसांपूर्वी सांगितलं होतं. त्याआधी छातीचा एक्स-रे काढून छातीच्या डॉक्टरांना दाखवायचा होता, आणि गाडं तिथंच अडलं होतं. आई म्हणत होती, ऑपरेशन करा, काय कापायचं ते कापा, पण मी फोटो काढणार नाही. एक्स-रेला ती फोटोच म्हणायची.

बाई पोहोचल्या तेव्हा आई खिडकीशी बसलेली. चेहरा पांढराफटक, एक हात बरगडीखाली दाबलेला, दुसऱ्या हातात रुमाल. खिडक्या अर्थातच उघड्या. कळ ओसरली होती, पण पुन्हा येणार हे दोघींनाही माहीत होतं. बाई भिंतीजवळच्या खुर्चीत बसून तासभर बोलल्या. धाक घालून पाहिला, समजावून पाहिलं, वर्गात बोलतात तशा आवाजात बोलून पाहिलं, आणि शेवटी हात जोडले. आई खिडकीबाहेर बघत नाही म्हणत राहिली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी बाई पर्स उचलून निघाल्या.

रस्त्यावर आल्यावर त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या फळीशी त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी आईला फोन लावला. वर खिडकीत आई उठताना दिसली. रिसीव्हर उचलताना दिसली.

“ठमे, पोहोचलीससुद्धा?” आवाज थकलेला होता, पण फोनवरचा होता.

“आई, फोटोला का घाबरतेस ते एकदा सांग मला.”

दुकानातला माणूस चाकाच्या तारा आवळत होता, त्याचा टिणटिण आवाज तेवढा येत राहिला.

“डाग असला तर गं?”

“असला तर औषध आहे. आता पूर्वीसारखं दीड वर्षही लागत नाही.”

“आणि नसला तर?”

“नसला तर ऑपरेशन. चार दिवसांत घरी.”

आईनं रिसीव्हर या कानाचा त्या कानाला घेतला. “नसला तर मग,” ती म्हणाली आणि थांबली. “बेचाळीस वर्षं झाली गं, ठमे.”

बाईंना वाटलं, दुखण्यानं जुन्या दिवसांची आठवण निघाली असेल. डाग असेल म्हणून भिणारं माणूस त्यांना समजत होतं. डाग नसेल म्हणूनही कोणी भीत असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्या नुसत्या म्हणाल्या, की मी उद्या सुट्टी टाकते, तू तयार राहा. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग आई म्हणाली, “गाडीत मी पुढे बसेन. तू मागे बस, आणि काच खाली ठेव.” हा होकारच होता. बाईंनी चटकन फोन ठेवला, न जाणो तिचा विचार बदलायचा.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात एक्स-रे काढून झाला आणि दोघी छातीच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर नंबर लावून बसल्या. आई बाकाच्या एका टोकाला, बाई दुसऱ्या टोकाला, मध्ये आईनं पर्स ठेवलेली. एक जाडजूड गृहस्थ जागा रिकामी समजून मध्ये बसायला आले, तेव्हा आईनं इतक्या घाईनं रुमाल तोंडाला लावून त्यांना हातानं दूर सारलं, की ते गोरेमोरे होऊन भिंतीशी जाऊन उभे राहिले.

डॉक्टर तरुण होती, बाईंच्या मुलाहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिनं आईला खोकला, ताप, वजन, भूक असं सगळं विचारलं, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग पडद्यावर फोटो मोठा केला आणि पेनचं टोक उजव्या बाजूला वर ठेवलं. “आजी, पूर्वी कधी टीबी झाला होता?”

आईनं मान हलवली.

“त्याचीच ही खूण. हा पांढरा ठिपका आहे ना, तो जुना व्रण आहे. तुमच्या शरीरानंच त्याला चुन्यानं लिंपून बंद केलंय. जुनी गोष्ट झाली ती. आता काही नाही तिथं. ऑपरेशनला माझ्याकडून हरकत नाही.” तिनं फाइलवर तसं लिहिलं आणि पुढच्या रोग्यासाठी घंटीकडे हात नेला.

बाईंनी सुस्कारा सोडून फाइल उचलली. आई उठली नाही. तिनं रुमालाची घडी आणखी एकदा घातली आणि तोंडासमोर धरून विचारलं, “मग तुम्ही सांगताय ना?”

“काय आजी?”

“मुलीला जवळ घेतलं तर चालेल, असं.”

डॉक्टर हसली. “न चालायला काय झालं? अवश्य घ्या. केवढी आहे मुलगी?”

“सात वर्षांची,” आई म्हणाली. मग आपल्याच बोलण्यानं दचकल्यासारखी झाली आणि हळूच म्हणाली, “होती. तेव्हा सांगायचं राहून गेलं त्यांच्याकडून.”

डॉक्टरचा घंटीवरचा हात तिथंच राहिला. तिनं आईकडे पाहिलं, मग पांढऱ्या केसांच्या, फाइल छातीशी धरून उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. तिला कळलं असावं. तिचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला. “हरकत नाही, आजी,” ती म्हणाली. “काहीच हरकत नाही.”

“लिहून द्याल?”

बाहेर दहा-बारा माणसं खोळंबली होती. तरी तिनं औषधांच्या चिठ्ठीचा कोरा कागद पुढे ओढला, वर तारीख घातली आणि लिहिलं, ‘मुलीला जवळ घेण्यास हरकत नाही.’ खाली सही केली. आईनं कागद हातात घेऊन वाचला आणि शिक्का राहिल्याचं दाखवून दिलं. डॉक्टरनं खण उघडून शिक्का शोधला, दोनदा फुंकर घालून कागदावर दाबला, आणि कागद दोन्ही हातांनी आईला दिला.

बाहेर येऊन आई पुन्हा त्याच बाकावर बसली. शाई वाळेपर्यंत कागद धरून राहिली. बाई समोर उभ्या होत्या. चार पावलांवर, सवयीनं.

मग आई बाकाशेजारच्या खिडकीकडे तोंड करून सांगायला लागली. त्या दिवशी मुलगी शाळेत गेल्यावर ती दवाखान्यात गेली होती. तिथले म्हातारे डॉक्टर कडक होते. मी सांगेपर्यंत पोरीला जवळ घ्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. घेतलंस तर पोर हातची जाईल, असंही म्हणाले होते. त्याच आठवड्यात त्यांच्या वॉर्डातलं एक मूल तसंच गेलं होतं, आईचंच दुखणं लागून. दीड वर्षानं शेवटची गोळी घेऊन झाली, तेव्हा ती केस धुऊन, नवी चप्पल घालून त्यांच्या तोंडचं तेवढं एक वाक्य ऐकायला गेली. खुर्चीत दुसराच कोणी बसला होता. म्हातारे बदलून गेले होते. नव्यानं कार्ड पाहिलं, ‘औषध बंद’ लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

“मग विचारलं का नाहीस?” बाईंनी विचारलं.

“विचारलं असतं आणि नाही म्हणाला असता तर?”

“नंतर कधी? इतक्या वर्षांत?”

“नाही ऐकलं नव्हतं तोवर, कधीतरी हो म्हणतील असं वाटायचं. तेवढ्यावर दिवस निघायचे.” आईनं रुमालानं ओठ टिपले. “आणि तू चांगली धडधाकट वाढत होतीस. म्हटलं, चाललंय ते मोडायला नको.”

बाईंना आधी रडू आलं नाही, राग आला. दोन शब्द लिहून पुढचं नाव पुकारणाऱ्या त्या माणसाचा आला. मग स्वतःचा आला. काल परक्याच्या पोरीला म्हणाल्या, विचारल्याशिवाय परत यायचं नाही. आणि स्वतः? पुस्तकं दाखवली, वाद घातले, बाळंतिणीच्या खाटेवरून वाटेल ते बोलल्या, पण आई, तू मला जवळ का घेत नाहीस, एवढं सरळ वाक्य बेचाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. नाही ऐकायची भीती त्यांनाही होतीच की. खाण तशी माती.

आईनं कागदाची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला. पर्स बाकावरून उचलून पलीकडे ठेवली. रुमालाचं काय करावं हे तिला कळेना, तो तिनं मांडीखाली सारला. मग दोन्ही हात पुढे केले.

हात फार खाली होते. सात वर्षांचं मूल धावत आलं तर त्याच्या काखेत जातील, एवढ्याच उंचीवर ते थांबले होते. ते दोघींच्याही लक्षात आलं. आई ओशाळून हात वर घेणार, तेवढ्यात ठमी फाइल जमिनीवर टाकून गुडघ्यांवर बसली. गुडघे कुरकुरले. फरशी थंड होती. ती तशीच दोन वेळा पुढे सरकली आणि त्या हातांमध्ये शिरली.

आई किती लहानशी झाली होती. नुसती हाडं हाताला लागत होती. पाठीवर हात नेमके कुठे ठेवतात ते आईला आठवत नव्हतं, ते आधी खांद्यावर पडले, मग खाली आले, मग पुन्हा वर जाऊन तिथेच थांबले. मान मात्र खिडकीकडेच वळलेली होती. ती काही चटकन वळली नाही. नंबर लावून बसलेली माणसं आधी बघत होती, मग बघेनाशी झाली. ट्रॉली ढकलत आलेला माणूस जरा वाट द्या म्हणून थांबला, आणि थोडा वेळ वाट पाहून ट्रॉली पलीकडच्या भिंतीकडून घेऊन गेला.

मग आईनं मान वळवली. “केवढी झालीस गं,” ती म्हणाली. ते शब्द ठमीच्या कानामागे, मानेवर, कोमट आणि दमट होऊन लागले. उच्छ्वासाची हवा कोमट आणि दमट असते, हे वाक्य ती सव्वीस वर्षं फळ्यावर लिहीत आली होती.